आम्हाला माहीतच नव्हतं हो!

नमस्कार ताई,

मी खारघरला राहते. सोसायटीच्या गणपतीत मुलांचे कार्यक्रम दरवर्षी मीच बसवते. यंदा आठ ते अकरा वयाच्या नऊ मुलांचा 'जंगल डान्स' बसवला. यूट्यूबवर पाहून मुलांचे चेहरे आणि हात काळे रंगवले, ओठांभोवती लाल लिपस्टिकने जाड कड काढली. क्रेपच्या पट्ट्यांचे घागरे, गळ्यात थर्मोकोलची हाडं. 'झिंगालाला'ला तर अख्खा मंडप टाळ्या वाजवत होता.

आमच्या बी विंगमध्ये वर्षभरापासून केनियाचं एक कुटुंब भाड्याने राहतं. नवरा बेलापूरला शिपिंग कंपनीत आहे. मुलगी सात वर्षांची, माझ्या मुलीबरोबर खाली खेळते. ती पहिल्याच रांगेत बसली होती. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आमच्या दारात आले. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, रात्री मुलीने विचारलं, "त्यांनी माझ्यासारखं तोंड का केलं होतं? आणि सगळे हसत का होते?" मी सॉरी म्हटलं, चहा विचारला. ते थांबले नाहीत.

आता कमिटीत दोन तट पडलेत. खजिनदार म्हणतात, "ही अमेरिकेची खुळं. आपल्याकडे असलं काही नसतं. ते आपल्या देशात आलेत, त्यांनी आपलं समजून घ्यावं." मेलबर्नचा माझा भाऊ म्हणाला, इथे असं केलं असतंस तर नोकरी गेली असती. ताई, देवाशपथ सांगते, यात काही वावगं आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. जे माहीतच नाही त्याचा दोष कसा लागतो? आणि जाहीर माफी मागितली तर आम्ही वंशद्वेषी आहोत असं कबूल केल्यासारखं नाही का होणार? रविवारी सकाळी ते तिघं चर्चला निघतात तेव्हा लिफ्टमध्ये गाठ पडते. कुठे बघावं कळत नाही.

— एक वाचक, खारघर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी लिपस्टिकपाशी अडकले.

तोंड रंगवणं मी समजू शकते. फॅन्सी ड्रेसमध्ये आपला कृष्ण निळा होतो, वाघ पिवळा होतो. पण ओठांभोवती लाल कड कशासाठी? तुमच्या बी विंगमधल्या शेजाऱ्यांच्या ओठांना तशी कड आहे का? कोणाच्याच नसते. ती कड माणसाकडे बघून आलेली नाही, एका चित्राकडे बघून आलेली आहे, आणि ते चित्र दोनशे वर्षांचं व्हायला आलंय. 1830च्या सुमारास अमेरिकेत गोरे नट बूच जाळून त्याची काजळी तोंडाला फासायचे, ओठ जाडजूड रंगवायचे, फाटके कपडे चढवायचे आणि गुलामांची नक्कल करून गोऱ्या प्रेक्षकांना हसवायचे. ज्यांची नक्कल चालायची ती माणसं त्याच वेळी बाजारात विकली जात होती. यातलं 'जिम क्रो' नावाचं एक पात्र इतकं गाजलं, की गुलामगिरी संपल्यानंतर काळ्यांना वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा नळ लावून देणारे जे कायदे झाले, त्यांना त्याच पात्राचं नाव पडलं. पुढे ती नाटकं बंद झाली. चित्र मात्र कार्टूनमधून, जाहिरातींतून, आपल्या हिंदी सिनेमातल्या 'जंगली' नाचांतून फिरत फिरत यूट्यूबवर आलं आणि तिथून तुमच्या मंडपात. हा इतिहास तुम्हाला माहीत नव्हता, पण तुमच्या लिपस्टिकला माहीत होता.

तेव्हा अर्धं उत्तर तुमच्या बाजूने. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं, हे मला पूर्ण मान्य आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन नाटकमंडळ्यांचा अभ्यास करून मग खारघरच्या बाईने गणपतीतला नाच बसवावा, अशी अपेक्षा कोणी करू नये.

उरलेलं अर्धं जरा कडू आहे. तो नाच विनोदी होईल हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मुलांना काळं केलं, हाडं घातली, उड्या मारायला लावल्या की मंडप हसणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. आणि मंडप हसला. जिम क्रो कोण ते ठाऊक नसताना हसला. म्हणजे हसायला लागणारी माहिती आपल्या घरचीच होती. बारशाला आलेली बाई पाळण्यात डोकावून आधी "रंग कुणावर गेलाय हिचा?" असं विचारते. स्थळांच्या जाहिरातीत सावळ्या मुलीची 'गहूवर्णीय' होते. (माझ्या चिठ्ठीत 'निमगोरी' लिहिलं होतं. मला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने पोट धरून हसावं असा तो शब्द.) काळ्या रंगाबद्दल आपण अडाणी आहोत, हे मला पटत नाही. त्या विषयात आपण चांगले शिकलेले आहोत.

खजिनदार म्हणतात ना, आपल्याकडे असलं काही नसतं? त्यांना ऑक्टोबर 2007 आठवतंय का विचारा. ऑस्ट्रेलियाचा संघ आला होता. वडोदऱ्याच्या सामन्यात कॅरिबियन मुळांच्या अँड्र्यू सायमंड्सला प्रेक्षकांतून माकडाचे आवाज काढून चिडवलं गेलं. बोभाटा झाल्यावर आपल्याकडून आलेलं एक स्पष्टीकरण असं होतं, की छे, लोक तर हनुमानाची भक्ती करत होते! माकडाला देव मानणाऱ्या देशात माकड ही शिवी कशी असेल? ऐकायला किती गोड. पण मैदानात अकरा जण उभे होते, भक्ती एकाच्याच वाट्याला का आली? त्याच महिन्यात, काही दिवसांनी, वानखेडेवर पुन्हा तेच झालं. तिथे हातवारे करणाऱ्यांचे फोटोच निघाले, पोलिसांनी चौघांना बाहेर काढलं आणि मग हनुमानाचं नाव घेणं जरा अवघड झालं.

'आमच्या संस्कृतीत तसं नसतं' हे वाक्य मला तेव्हापासून संशयास्पद वाटतं. कधी कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा संस्कृतीला पुढे करून आपण तिच्या मागे लपतो, आणि ती बिचारी काही बोलू शकत नाही.

दुसरी गोष्ट डॅरेन सॅमीची. वेस्ट इंडीजचा हा कर्णधार 2013 आणि 2014 मध्ये आयपीएलला हैदराबादकडून खेळला. तिथे त्याला 'काळू' म्हणायचे. त्याला वाटलं, याचा अर्थ दणकट घोडा असा काहीतरी असेल. तोही सगळ्यांबरोबर हसायचा. 2020च्या जूनमध्ये, अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा मृत्यू झाल्यानंतर जगभर हा विषय पेटला असताना, त्याला खरा अर्थ कळला आणि तो जाहीरपणे बोलला. इथे अज्ञान कोणाचं होतं बघा. हाक मारणाऱ्यांना अर्थ पक्का माहीत होता, ज्याला हाक मारत होते त्यालाच नव्हता. पुढे एका सहकाऱ्याने त्याला सांगितलं की ते प्रेमानेच म्हणत होते. सॅमीने ते मोठ्या मनाने मानलंही.

हे 'प्रेमाने' मी चांगलं ओळखते. नव्वदच्या दशकात ठाण्याहून फोर्टला नोकरीला जायचे. पहिल्याच महिन्यात एकदा डब्यात पिठलं, भाकरी आणि ठेचा नेला. झाकण उघडताच शेजारच्या टेबलावरची मुलगी ओरडली, "ओ, घाटी फूड!" सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या एकीला माझा चेहरा दिसला असावा. ती म्हणाली, अगं, मनावर घेऊ नकोस, इथे सगळ्यांनाच म्हणतात, नुसता शब्द आहे. आता गंमत अशी की माझं गाव अलिबागजवळ. घाटाच्या खालचं. भूगोलानेसुद्धा मी घाटी नाही. पण त्या शब्दाला भूगोलाशी कर्तव्य नव्हतं, मला ते न सांगता कळलं. त्यानंतर सहा महिने मी डब्यात भाकरी नेली नाही. आई पहाटे उठून पोळ्या लाटायची आणि का, ते मी तिला कधीच सांगितलं नाही.

ती ओरडणारी मुलगी वाईट होती का? मुळीच नाही. माझ्या बाळंतपणात हॉस्पिटलात सगळ्यात आधी तीच आली, तेही डिंकाचे लाडू घेऊन. पण भाकरीचं तिला आजही माहीत नसेल. तिला मुद्दाम दुखवायचं नव्हतं आणि मला दुखलं, या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर, एकाच वेळी खऱ्या होत्या. तुमच्या मंडपातही तसंच झालं. कमिटीत भांडण लागलंय ते यासाठी, की एक खरी ठरवायची तर दुसरी खोटी ठरवावी लागेल असं सगळे धरून चाललेत.

आता अमेरिकेच्या खुळाचं. तुमच्या भावाच्या देशातलंच उदाहरण घ्या. 2009 साली ऑस्ट्रेलियात टीव्हीवरच्या एका गाजलेल्या कार्यक्रमात काही जणांनी तोंडं काळी करून मायकल जॅक्सनच्या भावंडांची नक्कल केली. त्यात डॉक्टर होते, शिकलेसवरलेले. वीस वर्षांपूर्वी विद्यार्थी असताना त्यांनी हेच तिथेच केलं होतं. परीक्षक म्हणून अमेरिकन गायक हॅरी कॉनिक ज्युनियर बसला होता. त्याने शून्य गुण दिले आणि बोलूनही दाखवलं. सूत्रसंचालकाने त्याच कार्यक्रमात माफी मागितली. पण तिथेही अगदी तुमच्या खजिनदारांसारखेच लोक निघाले: हे अमेरिकेचं ओझं, आमच्या डोक्यावर का? मला त्यांचं थोडं पटतंही. प्रत्येक देशाने दुसऱ्याच्या जखमांचा नकाशा पाठ करावा, हे होणारं नाही. पण एकदा कोणी हात धरून 'इथे दुखतंय' असं सांगितल्यावर नकाशा नव्हता ही सबब संपते. तिथून पुढे जे करू, ते जाणूनबुजून.

आणि जस्टिन ट्रुडो तर आपल्याच रंगाने अडचणीत आले. 2001 साली ते व्हँकूव्हरच्या शाळेत शिक्षक असताना 'अरेबियन नाइट्स'च्या पार्टीला पगडी घालून, तोंडाला सावळा रंग फासून गेले होते. 2019 मध्ये कॅनडाचे पंतप्रधान असताना तो फोटो बाहेर आला. त्यांनी माफी मागितली. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं म्हणाले. तो फोटो खजिनदारांना दाखवा. तिथे पोशाख म्हणून चढवलेला रंग त्यांच्या स्वतःच्या हाताचा आहे. मग बघू, किती हसू येतं.

शिवाय एक साधी गोष्ट कमिटीच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुमचे शेजारी अमेरिकन नाहीतच. त्यांनी ना जिम क्रोचं नाव काढलं, ना वंशद्वेषाचं. त्यांनी सात वर्षांच्या मुलीचा प्रश्न तुमच्या दारात आणून ठेवला, बस. त्या प्रश्नाला अमेरिकेचा इतिहास लागत नाही. मुलीने आरशात रोज दिसणारं तोंड स्टेजवर पाहिलं आणि लोक हसताना ऐकले.

'ते आपल्या देशात आलेत' हेही तपासून घ्या. 1896 ते 1901 या काळात इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली. ती टाकायला अखंड हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते. बरेचसे परतले, काही तिथेच राहिले, मागून दुकानदार गेले, त्यांची चौथी-पाचवी पिढी आज नैरोबीत आहे. 2017 साली केनिया सरकारने या दक्षिण आशियाई मुळांच्या लोकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यता दिली. आणि आफ्रिकेतला माणूस आपल्याकडे तरी काल आलाय का? खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. 1624च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. जंजिऱ्याचा सिद्दी आपण चौथीत वाचतो. चारशे वर्षांच्या ओळखीनंतर आपल्याला सुचलं काय, तर थर्मोकोलची हाडं.

खरं, निखळ अज्ञानही असतं, तेही सांगते. 2020 साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात प्राध्यापक चिनी भाषेतला एक शब्द उदाहरण म्हणून सांगत होते. आपण बोलता बोलता 'ते हे... आपलं हे...' करतो ना, तसला. कानाला तो इंग्रजीतल्या काळ्यांना देतात त्या शिवीसारखा लागतो. विद्यार्थ्यांनी तक्रार केली, प्राध्यापकांना त्या वर्गावरून बाजूला व्हावं लागलं. मला ते अन्यायाचं वाटलं. तो शब्द कोणाकडे बोट दाखवत नव्हता. किंवा जर्मनीत दारात स्वस्तिक काढणारी आपली सून घ्या: शेजारी दचकला तर तिने समजावून सांगावं, हवं तर रांगोळी आतल्या उंबऱ्याशी काढावी, पण तिने मान खाली घालण्यासारखं काही केलेलं नाही. तुमचा नाच या खणात बसत नाही हो. त्यात बोट दाखवलेलं होतं, आणि समोर पहिल्या रांगेत ती बसलेली होती.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. आमच्या इमारतीच्या रात्रपाळीच्या वॉचमनला मी चार वर्षं 'बहादूर' म्हणत होते. डोळे बारीक म्हणजे नेपाळी, नेपाळी म्हणजे बहादूर. तो आसामचा, कोक्राझारकडचा. त्याच्या नावाचं एक पाकीट चुकून आमच्या पेटीत आलं, तेव्हा मला त्याचं नाव कळलं. खाली जाऊन म्हटलं, चार वर्षं चुकीच्या नावाने हाक मारली, कधी सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "सांगितलं होतं मॅडम. पहिल्या आठवड्यात." यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. 'मला माहीत नव्हतं' हे माझं वाक्य तयार होतं, ते तसंच गिळलं.

माफीचं आता. वंशद्वेषी असल्याचा कबुलीजबाब तुमच्याकडे कोणी मागितलेला नाही. तो शब्द आला तो कमिटीच्या तोंडून. तुम्ही कबूल करायचं ते एवढंच: नाच आम्ही बसवला, त्यात तुमच्या लोकांची टिंगल होती, मुलीला लागलं, चूक आमची. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' हा 'तर' तोंडात येऊ देऊ नका. 'आम्हाला माहीत नव्हतं' हे एकदा म्हणा, खरंच आहे ते, पण शेवटी म्हणा आणि तिथे रेंगाळू नका. 'माझी मुलगी तुमच्या मुलीची बेस्ट फ्रेंड आहे' हे तर अजिबात नको, ती मैत्री त्या दोघींची आहे, तुमच्या वकिलीला वापरू नका.

तुम्ही आणि तुमचे मिस्टर, दोघंच जा. सात जणांची कमिटी, गुच्छ आणि फोटो असला प्रकार नको. तो त्यांच्यासाठी नसतो, ग्रुपवर टाकण्यासाठी असतो. ग्रुपवरून आठवलं: त्या नाचाचा व्हिडिओ अजून तिथे असणार, आणि कोणाच्या तरी यूट्यूबवरही. जायच्या आधी तो काढून घ्या. नाहीतर तुम्ही दारात माफी मागत असाल आणि वर पाचव्या मजल्यावर कोणीतरी तो पाहून हसत असेल.

मग ती नऊ मुलं. त्यांच्या कानावर आतापर्यंत काहीबाही गेलं असेल आणि त्यातल्या दोघा-तिघांना वाटत असेल की आपल्या हातून काही भयंकर झालं. त्यांना एकत्र बसवून सांगा की नाच काकूंनी बसवला होता, चूक काकूंची. लाल ओठांची गोष्टही सांगा. दहा वर्षांच्या मुलांना ती व्यवस्थित कळते. मोठ्यांनाच जरा वेळ लागतो.

नोटीस बोर्डवर दोन ओळी पुरेत: 'गणेशोत्सवातील जंगल नृत्यात एका समाजाचे विडंबन झाले. ते चुकीचे होते. सांस्कृतिक समिती दिलगीर आहे.' खजिनदार सही करणार नसतील तर तुमच्या एकटीच्या नावाने लावा. नाच तुम्ही बसवला होता, तुमची सही पुरते.

आणि ते दार उघडून नुसतं "थँक यू" म्हणाले, आत या म्हणाले नाहीत, तर तसेच परत या. माफी मागणं तुमचं काम, ती कधी आणि किती द्यायची ते त्यांचं. पुढच्या गणपतीत त्या मुलीला मुद्दाम स्टेजवर बोलावून सत्कारबित्कार करू नका. तिला नाचायचं असेल तर बाकीच्यांसारखी तालमीला येईल, मागच्या रांगेत उभी राहील, स्टेप चुकेल.

या आठवड्यातच जा. संध्याकाळी, ते बेलापूरहून आल्यावर. रविवारी सकाळी मात्र नको, तेव्हा ते चर्चला निघालेले असतात.